‘ग्रोथ फॅक्टर’चे पैसे भरण्याआधी

औंढा–वसमत रस्त्यावर दुचाकी घसरली आणि माझी नडगी मोडली. जखम उघडी होती. रॉड बसला, जखम भरली, पण हाड काही जुळेना. पाय टेकवला की आतून कळ यायची. एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात सांगितलं, “ग्रोथ फॅक्टर सोडू, हाड झपाट्यानं भरेल.” माझंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग फटीत टोचला. पैसे गेले, फट तशीच राहिली.

नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांनी आधी ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या करायला लावल्या. रॉडच्या कडेला जंतुसंसर्ग दबा धरून बसला होता. रॉड काढला, हाड साफ केलं, आतला नमुना कल्चरला पाठवला आणि त्यानुसार अँटिबायोटिक दिलं. संसर्ग आटोक्यात आल्यावर हाड पुन्हा घट्ट बसवलं आणि कमरेच्या हाडाचा चुरा काढून फटीत भरला. आता मी हळदीच्या रानात चालतो. कमरेची ती जागा मात्र बरेच दिवस दुखली, हेही सांगायला हवं.

ग्रोथ फॅक्टर थोतांड नाही. हाडातच हाड घडवणारं द्रव्य असतं, हे मार्शल युरिस्ट या अमेरिकी सर्जननं 1965 मध्ये दाखवलं. त्यातलं बीएमपी-2 हे प्रथिन पुढे प्रयोगशाळेत तयार झालं. अमेरिकेत 2002 मध्ये मणके जोडण्याच्या आणि 2004 मध्ये नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरच्या ठरावीक शस्त्रक्रियांसाठी त्याला मान्यता मिळाली. पण 2008 मध्ये तिथल्याच औषध प्रशासनानं इशारा दिला, की मानेत वापरल्यावर काही रुग्णांना सूज येऊन श्वास घेणं अवघड झालं. 2013 मध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियांची सगळी माहिती स्वतंत्र तज्ज्ञांनी पुन्हा तपासली, तेव्हा कमरेच्या हाडापेक्षा ठळक फायदा दिसला नाही. प्लेटलेटची सुई हा याहून वेगळा प्रकार. तिच्यात वाढीची द्रव्यं असतात, पण न जुळलेलं हाड तिनं जुळतं याला भक्कम पुरावा नाही.

हाड जुळायला चार गोष्टी लागतात: जिवंत पेशी, त्यांना धरायला सांगाडा, वाढीचा संदेश आणि न हलणारा आधार. शिवाय रक्तपुरवठा हवा. ग्रोथ फॅक्टर फक्त संदेश देतो. कंदकुज लागलेल्या हळदीला खताची गोणी ओतून काय होणार? कमरेच्या हाडात पेशी, सांगाडा आणि संदेश हे तिन्ही एकत्र येतात, म्हणून आजही डॉक्टर आधी त्याचाच विचार करतात.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पैसे भरण्याआधी हे विचारा:

– हाड का जुळलं नाही? संसर्ग तपासला का? रॉड किंवा प्लेट ढिली आहे का?

– देणार ते नेमकं काय? प्लेटलेट की बीएमपी? माझ्या हाडासाठी त्याला मान्यता आहे का?

– कमरेचं हाड का नको? हाडपेढीतलं हाड चालेल का? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून अशी पेढी आहे.

– हे ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का?

गरोदरपण असेल, त्या जागी गाठ किंवा चालू संसर्ग असेल, तर बीएमपी-2 वापरत नाहीत. ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नका. साखर तपासा आणि ताब्यात ठेवा. बिडी, तंबाखू, गुटखा बंद करा, कारण निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला वेळ लागतो.

आधी कारण शोधणारा डॉक्टर गाठा. जुने एक्स-रे आणि कागद सोबत घेऊन दुसरं मत घ्या, आणि मगच सुईचा विचार करा.