कीटकनाशके आणि शरीरातील संप्रेरके

मुलगा वयात येताना दोन ग्रंथी एकमेकींच्या साहाय्याने कार्य करीत असतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी पेप्टाइडांच्या दोन साखळ्यांचे ‘एल. एच.’ हे संप्रेरक रक्तात सोडते. त्याच्या प्रेरणेने वृषणातील विशिष्ट पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन हे स्टेरॉइड निर्माण करतात. टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले, की एल. एच.चे प्रमाण घटते.

विषारी रसायनांमुळे हा समतोल ढळू शकतो. केरळमधील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर दोन दशकांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील १० ते १९ वर्षे वयाच्या मुलांची तपासणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रक्तात एंडोसल्फान अधिक असता टेस्टोस्टेरॉन कमी व एल. एच. अधिक आढळले. पीयूषिका ग्रंथी प्रेरणा देत होती. परंतु पेशींचा प्रतिसाद अपुरा पडत होता, असा याचा अर्थ लावता येतो. मुले वयात येण्यासही विलंब झाल्याचे दिसले.

१३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर यांवर देशभर बंदी घातली. तथापि, अन्य कीटकनाशके वापरात आहेतच. त्यांचे रिकामे डबे विहिरीवर वा ओढ्यावर धुतले जाणार नाहीत आणि फवारणीच्या वेळी मुले शेतात नसतील, एवढी दक्षता प्रत्येक गावाने घेणे अगत्याचे आहे.