फाईल अडवण्याआधी

चि. मुक्ता,


भारतीय संरक्षण लेखा सेवा मिळाल्याचं कळलं, आणि पाठोपाठ तुझी कुरकुरही: ‘आत्या, मला राष्ट्रीय सुरक्षेचं धोरण करायचं होतं, हे तर हिशेबाचं खातं.’ माझी सारी नोकरी याच खात्यात गेली, तेव्हा जरा रागानेच लिहिते आहे.

धोरण कशाला म्हणतात ते मुंबईच्या मझगाव डॉक या जहाजबांधणी गोदीच्या इतिहासात बघ. 1981 च्या डिसेंबरात पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन तिकडे बांधायच्या, दोन मुंबईत. आपले वेल्डर जर्मनीला जाऊन शिकून आले. पाणबुडीच्या कवचाचं वेल्डिंग म्हणजे पोरखेळ नव्हे. एक सांधा कच्चा राहिला तर खोल पाण्यात सगळ्यांचा जीव जातो. 1987 मध्ये या करारात दलालीचे आरोप झाले. ‘शल्की’ 1992 मध्ये आणि ‘शंकुल’ 1994 मध्ये नौदलात आली खरी, पण पुढच्या दोन पाणबुड्यांची मागणी गेलीच नाही. हात बसलेली माणसं पांगली, निवृत्त झाली. मझगावात बांधलेली त्यानंतरची पाणबुडी, ‘कलवरी’, नौदलात आली ती थेट डिसेंबर 2017 मध्ये. दलाली कुणी खाल्ली असेल तर त्याला धरायलाच हवं होतं. वेल्डरांनी काय घोडं मारलं होतं? त्या तेवीस वर्षांवर कुणाचीच सही नाही.

म्हणून तुला सांगते, फाईल अडवणं हाही निर्णयच असतो. अडवायची तर कारण लिही आणि खाली सही कर. शंका काढायच्या तर सगळ्या एका दमात काढ. एका कार्यालयातून आमची फाईल तीनदा परत आली: आधी किमतीचा आधार, मग सुट्या भागांची यादी, मग परकीय चलनाचा दर. तिन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी सुचण्यासारखे होते. तोवर कोटेशनची मुदत संपली आणि कंपनीने दर वाढवला. वरून ‘काटेकोर छाननी’ म्हणून शाबासकी त्यांनाच!

पैशांचे कागद उघडण्याआधी क्यूआर वाच, म्हणजे सैन्याने वस्तू कशी हवी ते लिहिलेला कागद. लेखावाल्यांना त्यातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल, म्हणू दे. जगभरच्या माहितीपत्रकांतले सगळे गुण एकाच वस्तूत मागितले की चाचणीत कुणी टिकत नाही, आणि एकाच कंपनीच्या मापाने लिहिलं की स्पर्धा उरत नाही. लष्कराच्या 1,86,138 बुलेटप्रूफ जॅकेटांना 2009 मध्ये मंजुरी मिळाली, करार झाला एप्रिल 2018 मध्ये. मधल्या चाचण्यांत नमुने नापास झाले आणि 2016 मध्ये तात्पुरती 50,000 जॅकेटं घ्यावी लागली. चाचणी कडकच हवी, त्यात तडजोड नको. पण नापास का झाले, याचं उत्तर कधीकधी मागणीच्या कागदातच सापडतं.

वाटाघाटींचं थोडक्यात सांगते. किमतीची पाकिटं फोडण्याआधी वाटाघाटी करणाऱ्या समितीने वाजवी किमतीचा आपला अंदाज लिहून ठेवायचा असतो. मागच्या दरावर टक्केवारी चढवून तो काढणारे पुष्कळ आहेत. तू कारखान्यात जा. पोलाद किती लागतं, मजुरीचे तास किती, बाहेरून काय येतं, ते स्वतः विचार. खडकी, देहूरोडचे कारखाने तुझ्या घरापासून लांब नाहीत.

आणि हो, दिवाळीत कंपन्यांकडून सुक्या मेव्याचे डबे येतील. ते दारातूनच परत करायचे. ‘राहू दे गं’ म्हणणारी आई असेल, तर तिलाही आधीच सांगून ठेव.

मसुरीचं प्रशिक्षण संपलं की पुढच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला परत येशीलच. एखाद्या रविवारी जेवायला ये, पण 2020 ची संरक्षण खरेदी कार्यपद्धती वाचून ये. परिशिष्टांसकट. मी प्रश्न विचारणार आहे.

तुझी,
आत्या