आईला औषध दिले, तरी पिल्लांना जंत का?

प्रश्न : कुत्रीला जंताचे औषध दिले होते. तरी पिल्लांची पोटे फुगली, विष्ठेतून शेवयांसारखे जंत पडले. शरीर जंतांशी लढत नाही का?
– एक वाचक, सावंगी (मेघे), जि. वर्धा

उत्तर : टॉक्सोकारा कॅनिस हा गोलकृमी पांढऱ्या पेशींना गिळता येण्याजोगा नसतो. म्हणून कुत्र्याचे शरीर वेगळ्या वाटेने लढते. आयजीई प्रतिपिंडे तयार होतात; मास्ट पेशींमुळे आतड्यातला स्राव आणि हालचाल वाढून जंत बाहेर ढकलले जातात; इओसिनोफिल पेशी अळीला चिकटून तिच्यावर विषारी प्रथिने सोडतात.

मोठ्या कुत्र्यात त्यामुळे बहुतेक अळ्या आतड्यात वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. त्या स्नायूंत व इतर अवयवांत सुप्त पडून राहतात. नेहमीचे औषध तिथवर पोहोचत नाही. गाभणपणाच्या सुमारे ४२व्या दिवसानंतर त्या जाग्या होतात आणि वारेतून, पुढे दुधातूनही पिल्लांत उतरतात. पिल्लांची प्रतिकारशक्ती तेव्हा कच्ची असते.

पिल्लांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वजनानुसार औषध द्यावे. आईलाही सोबतच द्यावे. विष्ठा रोज उचलावी. जंतांची अंडी मातीत महिनोन्महिने टिकतात आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांनाही बाधतात.