मज्जारज्जूला सूज: कोणत्या तपासणीला किती आणि आधी कोणती?

पायांतली ताकद काही दिवसांत कमी होणे, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे, लघवी तुंबणे ही मज्जारज्जूच्या सुजेची लक्षणे असू शकतात. पुण्याजवळच्या हिंजवडीत आयटी कंपन्यांमध्ये दिवसभर खुर्चीला खिळणाऱ्यांची नुसती पाठदुखी वेगळी. ही सूज बहुधा संसर्गामुळे किंवा शरीराची प्रतिकारशक्ती उलटल्यामुळे येते. क्वचित मात्र फुप्फुसातला किंवा स्तनातला लपलेला कर्करोग त्यामागे असतो आणि गाठ सापडण्याआधीच पाय लटपटू लागतात.

खाजगी दर (अंदाजे, रुपयांत)

१. कण्याचा एमआरआय, कॉन्ट्रास्टसह: १२ ते २५ हजार. मज्जारज्जूवर दाब नाही ना, हे आधी कळायला हवे.
२. बी-१२, एचआयव्ही वगैरे रक्ततपासण्या आणि पाठीतले पाणी काढून तपासणे: १० ते २० हजार.
३. कर्करोगाशी निगडित अँटिबॉडींचे पॅनेल: १० ते २० हजार.
४. पेट-सीटी: १२ ते २५ हजार. वरच्या तपासण्यांतून संशय बळावला, तरच.

ठरावीक अँटिबॉडी सापडूनही पेट-सीटीत काही दिसले नाही, तर दर चार-सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत पुन्हा शोध घेतात. तेवढी तजवीज ठेवा.

उपचार

स्टेरॉइडचे इंजेक्शन ३ ते ५ दिवस देतात. त्यात औषधापेक्षा खाटेचे भाडे जड जाते. इम्युनोग्लोब्युलिन द्यायची वेळ आली, तर त्याचा डोस मात्र वजनावर ठरतो. ६० किलोच्या रुग्णाला साधारण १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. बिल लाखांत जाते.

पैसे कुठून?

- कंपनीचा विमा: नुसत्या तपासणीसाठी भरती झाल्यास दावा सहसा नाकारतात. भरतीपूर्वीच्या किती दिवसांचा खर्च मिळतो, ते एचआरला विचारा आणि मूळ बिले जपा.
- ईएसआय: पगार महिना २१ हजारांपर्यंत असलेल्या कंत्राटी कामगारांनी आपले कार्ड तपासून पाहावे.
- महात्मा फुले जनआरोग्य योजना: कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण यादीतल्याच उपचारांना. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा.
- धर्मादाय रुग्णालये: निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत, दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत न्या.

लघवी तुंबली किंवा पाय उचलेनासे झाले, तर दर विचारत बसू नका. १०८ ला फोन करा आणि एमआरआय व न्यूरॉलॉजिस्ट दोन्ही असलेले जवळचे रुग्णालय गाठा.