कीटकनाशक सांडल्यास काय करावे?

फवारणीच्या हंगामात घराच्या एका खोलीत किंवा गोठ्यालगत औषधाच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. कधी झाकण सैल राहते, कधी उंदीर पुडा कुरतडतो, तर कधी मोटारसायकलवरून आणताना बाटली फुटते. अशा वेळी बहुतेक जण बादलीभर पाणी ओतून जागा धुऊन काढतात. जागा स्वच्छ दिसते, पण विष नष्ट होत नाही. ते पाण्याबरोबर नालीत, ओढ्यात किंवा विहिरीत जाते.

याचे मोठे उदाहरण स्वित्झर्लंडमधील आहे. 1 नोव्हेंबर 1986 रोजी बाझेल शहराजवळ सॅन्डोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. गोदामात मोठ्या प्रमाणावर कीटकनाशके होती. आग विझविण्यासाठी मारलेले पाणी अडविण्याची पुरेशी सोय नव्हती. ते विषारी पाणी ऱ्हाईन नदीत गेले आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत वाम जातीचे मासे मेले. त्यानंतर असे पाणी अडवून धरणाऱ्या टाक्यांची गरज सर्वांच्या लक्षात आली. आपल्या घरी टाकीची गरज नाही. कोरडी माती पुरेशी आहे.

माती का?

मातीतील चिकणकण आणि सेंद्रिय पदार्थ बरीचशी कीटकनाशके धरून ठेवतात. मात्र उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. त्या भेगांतून द्रव थेट खाली उतरतो. म्हणून शेतात औषध सांडल्यास प्रथम भेगा मातीने बुजवाव्यात.

सांडल्याबरोबर करावयाची कामे

1. मुले, जनावरे व कोंबड्या दूर न्याव्यात. बिडी, चूल, दिवा विझवावा. खोलीची दारे-खिडक्या उघडाव्यात. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहावे.

2. रबरी हातमोजे, बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा घालावा व नाका-तोंडावर मास्क बांधावा. यानंतरच बाटलीला हात लावावा.

3. गळणारी बाटली उभी करून प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवावी. सांडलेल्या द्रवाभोवती मातीचा छोटा बांध घालावा. नालीचे तोंड सर्वात आधी बंद करावे.

4. द्रवावर कोरडी माती किंवा वाळू टाकावी. ती बाहेरून आत टाकत यावी व द्रव पूर्ण शोषला जाऊ द्यावा. भुकटी सांडली असल्यास ती उडू नये म्हणून किंचित ओलसर माती टाकावी. कोरड्या खराट्याने झाडू नये.

5. ही माती फावड्याने जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरावी. जमीन मातीची असल्यास डाग व वास असलेला वरचा थरही खरवडून घ्यावा. पिशवीवर औषधाचे नाव व "विष" असे लिहून ती कुलुपात ठेवावी. तिच्या विल्हेवाटीसाठी विक्रेता व कृषी अधिकारी यांचा सल्ला घ्यावा. उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये, जाळूही नये.

6. फरशी शेवटी साबणाच्या थोड्या पाण्याने भिजविलेल्या फडक्याने पुसावी. ते फडकेही त्याच पिशवीत टाकावे. ब्लिचिंग पावडर अंदाजाने वापरू नये. अमोनियमयुक्त खते किंवा काही रसायनांशी तिचा संबंध आल्यास धोकादायक वायू तयार होतात.

अंगावर उडाल्यास

येथे मात्र पाणीच हवे. कपडे ताबडतोब काढून त्वचा साबण व भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यात गेल्यास किमान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. पोटात गेल्यास स्वतःच्या मनाने उलटी करवू नये. घाम, लाळ, चक्कर, अंधुक दिसणे किंवा श्वासाचा त्रास दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व डब्याचे लेबल डॉक्टरांना दाखवावे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने अनेकांचे प्राण गेले. त्यामुळे "थोडे बसले की बरे वाटेल" असे म्हणून वेळ घालवू नये.

विहिरीत गेल्यास

त्या पाण्याचा पिण्यासाठी, जनावरांसाठी व ओलितासाठी वापर लगेच थांबवावा. शेजारी, ग्रामपंचायत व आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. पाणी उपसून नाल्यात सोडू नये, कारण खालच्या गावाची विहीर त्याच नाल्यावर असू शकते. ही गोष्ट लपविण्यात गावाचे नुकसान आहे.

पूर्वतयारी

औषधाच्या खोलीबाहेर घमेलेभर चाळलेली कोरडी माती, फावडे, हातमोजे, जाड पिशव्या व साबण कायम ठेवावा. लेबलवरील त्रिकोण पाहण्याची सवय लावावी: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. हिरवा असला तरी ते विषच आहे. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणी पंपात ओतावे व बाटलीला भोके पाडावीत, म्हणजे तिचा पुन्हा तेला-पाण्यासाठी उपयोग होणार नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही माहिती घरातील सर्वांना व फवारणीसाठी येणाऱ्या मजुरांना हंगाम सुरू होण्यापूर्वीच समजावून सांगावी. औषध सांडेल तेव्हा घरी कोण असेल, हे आधी ठरवता येत नाही.