हात जोडावेत, इशाराही ऐकावा

प्रश्न : मी विज्ञान शिकवते. कोणताच धर्म पाळत नाही. तरी पहाटे समुद्रापुढे हात आपोआप जोडले जातात. ही विसंगती आहे का?
– एक शिक्षिका, श्रीवर्धन

उत्तर : मुळीच नाही. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने होते हे कळल्यावर समुद्राविषयीची कृतज्ञता आटत नाही. श्रद्धा पुरावा नाकारू लागली, तरच विज्ञानाशी तिचा विरोध सुरू होतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. तेव्हा जीव वाचवायला हवामान खात्याचा इशारा आणि वेळेवर झालेलं स्थलांतर कामी आलं. आडव्या झालेल्या सुपारीच्या वाडीत पुन्हा रोप लावायला मात्र आतलं बळ लागलं. ते बळ जपा. इशारा आला की आधी सुरक्षित जागी जा. हात तिथेही जोडता येतात.