विकणाऱ्याचे मौन

नेवासे तालुक्यातील घोडेगाव येथे जनावरांचा मोठा बाजार भरतो, हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांस सांगावयास नको. तेथे म्हैस घेणारा मनुष्य तिचे दात पाहतो, कास चाचपतो व तिला चार पावले चालवून पाहतो. विकणारा गप्प राहिला तरी घेणाऱ्याचे डोळे व हात आपले काम करितात. परंतु सांप्रत जुन्या वस्तूंचा बाजार मोबाईलवरही भरू लागला आहे. मोटारसायकल, पाण्याची मोटार, फोन, किंबहुना दुभते जनावरही ओएलएक्ससारख्या ठिकाणी किंवा व्हॉट्सअॅपच्या गटात छायाचित्र दाखवून विकिले जाते. अशा व्यवहारात विकणाऱ्याने दोष आपण होऊन सांगावा काय, या प्रश्नाचा विचार आपण या पाठात करू.

पुष्कळ लोक म्हणतात, "आम्ही खोटे बोललो नाही, त्याने विचारिले नाही, म्हणून आम्ही सांगितले नाही." हे म्हणणे अगदीच निराधार नाही. सन १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की, मालाची पारख घेणाऱ्यानेच करावी. सन १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमातही केवळ मौन म्हणजे कपट नव्हे असे सांगून घोड्याचा दृष्टांत दिला आहे. एक मनुष्य आपला सदोष घोडा लिलावात विकतो व काही बोलत नाही. हे कपट ठरत नाही. परंतु कायदा एवढ्यावर थांबत नाही. घेणारी त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला की, तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, व त्यावर विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच होय. ठाऊक असलेला दोष मुद्दाम झाकणे हे तर मौनही नव्हे. ते उघड कपट आहे. गंजावर रंग देणे किंवा गाडीच्या किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे हे याच जातीचे.

आता पाहा, बाजारातील मौन कायद्याने का सोसले? घेणाऱ्यास वस्तू पारखण्याची संधी असते म्हणून. छायाचित्रात ती संधी नाही. छायाचित्रातील म्हैस पान्हा चोरते की नाही, हे कोणास दिसणार? म्हणून जेथे घेणाऱ्याचा हात पोहोचत नाही, तेथे विकणाऱ्याचा शब्द पोहोचला पाहिजे.

समजा, पारनेर तालुक्यातील एका शेतकऱ्याने उन्हाळ कांद्यासाठी जुनी मोटार मागविली. ती एकदा जळून तिचे रिवायंडिंग झाले होते, हे विकणाऱ्याने सांगितले नाही. ऐन पाण्याच्या वेळी ती पुन्हा जळाली व वाफे करपले. विकणाऱ्यास दोनचार हजार अधिक मिळाले. घेणाऱ्याचा सारा हंगाम गेला. कायद्याने कोणाकडे निकाल दिला, यावरून ते करपलेले पीक परत येत नाही.

कोणी म्हणेल, दोष सांगितला तर किंमत उतरते. उतरेल खरी, परंतु जी रक्कम कमी झाली ती धडधाकट वस्तूची होती, आणि तशी वस्तू आपणांजवळ नव्हतीच. शिवाय दोष जाणून जो घेतो, तो मागाहून भांडावयास येत नाही. ज्यास दुरुस्ती येते तो तर अशी वस्तू आनंदाने नेतो.

मग सांगावे काय? जनावराचे वेत कितवे, दूध दोन्ही वेळा किती, सड बंद आहे काय, लाथ मारते काय. गाडीला अपघात झाला होता काय, इंजिन उघडले होते काय, कर्जाची नोंद शिल्लक आहे काय. गाडी राज्यातच विकली असता १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे, हे सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाने विकणाऱ्याचे काम आहे. फोनची बॅटरी वा काच बदलली असल्यास तसे लिहावे व पावती दाखवावी. जेथे भेग आहे, त्या भेगेचेही छायाचित्र द्यावे. "जशी आहे तशी" एवढेच लिहून सुटू पाहू नये. कशी आहे, हेच तर घेणाऱ्यास कळावयाचे असते. आणि हे सर्व तोंडी न सांगता संदेशात लिहून पाठवावे, म्हणजे ते दोघांजवळ राहते.

सायंकाळी एकत्र बसाल तेव्हा पुढील प्रश्नांचा विचार करावा :

१. घेणाऱ्याने विचारिले नाही, तरी कोणते दोष सांगितलेच पाहिजेत?

२. घेणारा आपल्याच गावचा असता तर आपण जे सांगितले असते, ते परगावच्या मनुष्यापासून का लपवावे?

३. आपल्या घरात विकावयाची एखादी जुनी वस्तू आहे काय? तिचे दोष आजच कागदावर लिहून पाहा.